सत्काराचा कट

सुधीर रिसबूड यांनी ‘ऑपरेशन कर्सर’ हा सिनेमा ठाण्यात पहिल्याच शुक्रवारी पाहिला आणि शेवटची श्रेयनामावली सरकत असतानाच दिग्दर्शक अद्वय घैसास याचा सूड घ्यायचं नक्की केलं.

अद्वय परका नव्हता. डोंबिवलीत रिसबुडांच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर वाढलेला मुलगा. रिसबूड ठाण्याच्या एका सहकारी बँकेत कॉम्प्युटर सुरक्षेचे प्रमुख. तेव्हा हॅकिंग आणि दहशतवाद यांवर सिनेमा काढायचं ठरल्यावर अद्वय आधी त्यांच्याकडे आला. पुढे कित्येक रविवार येत राहिला. खरा हॅकर अंधारात बसत नाही, तो महिनोन् महिने वाट पाहतो, एखाद्या कंटाळलेल्या कारकुनाने नको ती ईमेल उघडण्याची, हे रिसबुडांनी त्याला तपशीलवार समजावलं. अद्वय मान डोलवायचा, वहीत काहीतरी खरडायचा, रिसबुडांच्या पत्नी शुभदाबाई यांच्या हातचे पोहे खायचा आणि जायचा.

सिनेमात यातलं काहीच नव्हतं. दहशतवादी कुठल्या देशाचे ते शेवटपर्यंत कळत नाही, पण राहतात विठ्ठलवाडीला, एका गोदामात. त्यांचा हॅकर काळी टोपी डोक्यावर ओढून, दिवे मालवून, माऊसला हातही न लावता कल्याण जंक्शनचे सगळे सिग्नल ताब्यात घेतो. पडद्यावर एक कवटी येऊन हसते. शेवटी नायक मॉनिटरवर गोळी झाडतो आणि व्हायरस मरतो.

हेही रिसबुडांनी गिळलं असतं. पण मग काळ्या पडद्यावर, एकट्या एका ओळीत, नाव आलं. तांत्रिक सल्लागार : सुधीर रिसबूड.

सोमवारी बँकेत एका ज्युनिअरने केबिनचं दार उघडून विचारलं, “सर, सर्व्हरवर व्हायरस आलाय. पिस्तूल तुमच्याकडे आहे की मागवू?” बाहेर पूर्ण डिपार्टमेंट हसत होतं. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, आणि आयुष्यभर जपलेलं नाव एका कवटीने खाल्लं.

एक गोष्ट मात्र त्यांनी न्यायबुद्धीने मान्य केली होती. सिनेमात चिटणीस नावाचं एक पात्र होतं, बँकेतला जुना कॉम्प्युटर अधिकारी. बॉम्बचा टायमर चालू झालेला, कमांडो त्याला विचारतात, हे थांबवायचं कसं? चिटणीस खिशातून रुमाल काढतो, त्याची चौपदरी घडी करतो, चष्मा पुसतो, म्हणतो, “थोडक्यात सांगतो,” आणि एकोणीसशे चौऱ्याण्णव सालापासून सुरुवात करतो. तो अठ्ठ्याण्णवपर्यंत पोचतो तेवढ्यात टायमर संपतो आणि स्टेशन उडतं. रिसबूड खुर्चीत खदखदून हसले होते. येताना रिक्षात म्हणाले, हा चिटणीस म्हणजे आमचे जुने मॅनेजर परांजपे, हुबेहूब. शुभदाबाई रिक्षाबाहेर बघत राहिल्या.

सुडाचे प्रकार त्यांनी नीट तपासले. इंटरनेटवर शिव्या काय, कोणीही घालतं. कोर्टात गेलं तर निकाल नातवंडांना मिळणार. मग एका सकाळी दाढी करताना सुचलं: सत्कार.

सत्कारातून माणूस सुटत नाही. उकाड्यात अंगावर शाल घालतात. एका हातात नारळ, दुसऱ्यात गुच्छ, म्हणजे मोबाईलसुद्धा बघता येत नाही. आणि आभारप्रदर्शन होईपर्यंत सत्कारमूर्तीला उठायची सोय नाही. प्रेक्षकांनाही नाही, कारण बटाटेवडे आभारानंतर. अशा बंदोबस्तात अद्वयला बसवायचं, त्याचाच सिनेमा त्याला अख्खा दाखवायचा, तोही डोंबिवलीकरांसोबत, ज्यांच्यात घरटी एक माणूस कॉम्प्युटरमध्ये आहे. मग प्रकट मुलाखत. मुलाखतकार, अर्थातच, रिसबूड.

शुभदाबाई पहिल्यांदाच आडव्या आल्या. “राहू दे ना. कोणी पाहिलाही नाही तो सिनेमा. आपण होतो आणि मागे ते एक जोडपं. ते काही सिनेमा बघायला आलं नव्हतं.”

“म्हणूनच दाखवायचा.”

“मग निदान तुम्ही बोलू नका.”

हे रिसबुडांना अगदीच अनाकलनीय वाटलं.

सत्कार करायचा तो गल्लीतल्या मंडळातर्फे. मंडळाचे अध्यक्ष पंढरीशेठ. आजूबाजूच्या निम्म्या इमारती ज्या शेतांवर उभ्या आहेत ती शेतं त्यांच्या आजोबांची. त्यांना कटाचा पत्ता नव्हता, ते निव्वळ आनंदाने तयार झाले. आपला पोरगा डायरेक्टर झाला नि आपण सत्कार नाय करायचा, असं कसं, म्हणाले, आणि मोठा पडदा नि साउंड स्वतःच्या खर्चाने लावला.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. अद्वय आला, मुंबईत राहून बारीक झालेला. काकांना वाकून नमस्कार केला, संध्याकाळी अंधेरीला निर्मात्याकडे पोचायचंय, पुढच्या सिनेमाचं ठरतंय, असं हळूच सांगितलं. रिसबूड म्हणाले, अरे, लगेच सोडतो. शाल घातली. नारळ दिला. मग प्रास्ताविकाला माईक घेतला, रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, “थोडक्यात सांगतो.” अर्धा तास बोलले. तिसऱ्या रांगेत शुभदाबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, ते त्यांना अर्धा तास सापडलं नाही.

सिनेमा सुरू झाला. रिसबूड अद्वयला घेऊन शेवटच्या रांगेत, भिंतीलगत बसले आणि पडद्याकडे नाही, त्याच्याकडे बघत राहिले. हॅकरच्या काळ्या टोपीवर कोणी काही बोललं नाही. कवटीही चालून गेली. पण नायक मोटरसायकलवरून ठाण्याहून चार मिनिटांत कल्याणला पोचला तेव्हा सगळं सभागृह दुखावलं. “शिळफाट्याने गेला असेल तर अजून तिथेच ट्रॅफिकमध्ये असेल,” अंधारातून कोणीतरी म्हणालं. अद्वयने मान खाली घातली. रिसबुडांना बऱ्याच आठवड्यांनी भूक लागल्यासारखं वाटलं.

मग चिटणीस आला.

चिटणीसने रुमाल काढला तेव्हा एकदम शांतता पसरली. “थोडक्यात सांगतो,” तो म्हणाला, आणि सभागृह फुटलं. लोक हसले, आणि हसता हसता मागे वळले. आधी पहिली रांग वळली, मग दुसरी. रिसबूडही कौतुकाने मागे वळले, परांजपे आलेत की काय ते बघायला. मागे भिंत होती. त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या हातात रुमाल होता, चौपदरी घडी केलेला.

दिवे लागल्यावर पंढरीशेठनी त्यांना मिठीच मारली. “काका, सगल्यात बेस रोल तुमचाच.”

व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या जात असताना अद्वय त्यांच्याकडे झुकला. “काका, सॉरी. अख्ख्या सिनेमात तेवढाच सीन चांगला आहे, आणि तो मी लिहिलेला नाही. नुसता उतरवून घेतलाय.”

“मला आधी सांगायचंस.”

“सांगायला येणार होतो. पण मग तुम्ही त्यावर थोडक्यात काहीतरी सांगितलं असतं.”

प्रकट मुलाखत रिसबुडांच्या हातात राहिली नाही. त्यांनी प्रश्न वाढत्या क्रौर्याने लावून आणले होते. पहिला, सौम्य प्रश्न विचारायच्या आतच प्रेक्षकांतून विचारणा झाली, की चिटणीसांवर स्वतंत्र सिनेमा निघतोय का. मग तेच चालू झालं. अद्वय खुलला. आल्यापासून प्रथमच तो खुर्चीत मागे टेकून बसला, एकदा तर नारळ मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी चिटणीसची नक्कल करून दाखवली. शुभदाबाई हसत होत्या. मोकळेपणाने, डोळे पुसत.

आता फक्त आभार उरले होते. तेही रिसबुडांनी स्वतःकडेच ठेवलेले.

ते माईकपाशी गेले. दोनशे चेहरे आधीच हसायच्या तयारीत होते. मागच्या दारातून तळणीचा वास येत होता. “सर्वांचे आभार” एवढं म्हणून खाली बसलं असतं तर अब्रू राहिली असती, हे त्यांना दिसत होतं. शुभदाबाई तिसऱ्या रांगेतून मानेनेच तेवढं आणि तेवढंच म्हणा, असं सांगत होत्या.

त्यांनी अद्वयकडे पाहिलं. शाल, गुच्छ, मांडीवर नारळ. तो मनगट वळवून घड्याळ बघायचा प्रयत्न करत होता.

रिसबुडांनी रुमाल काढला. सावकाश चौपदरी घडी केली. चष्म्याची उजवी काच पुसली, डावी पुसली, मग पुन्हा उजवी.

“थोडक्यात सांगतो,” ते म्हणाले.

टाळ्या, शिट्ट्या, पंढरीशेठ तर उभेच राहिले. रिसबूड सगळं शांत व्हायची वाट पाहत थांबले. महिनोन् महिने थांबणारा खरा हॅकर थांबावा तसे.

“एकोणीसशे चौऱ्याण्णव साली आमच्या बँकेत पहिला कॉम्प्युटर आला.”

पुन्हा हशा. पंचाण्णवलाही लोक हसले. शहाण्णवमध्ये एकट्यादुकट्याचं हसू उरलं आणि सत्त्याण्णवच्या मध्यावर, बॅकअपच्या टेपांपाशी, तेही संपलं. कोणीतरी वडे झाकायला सांगितले. अद्वय नारळ सावरत अर्धवट उठला, तेव्हा पंढरीशेठनी प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

“बस रे. आभार व्हायचेत अजून.”

अद्वयने काकांकडे पाहिलं. काकांनी माईक थोडा जवळ ओढला. दोन हजार सालचं वाय-टू-के अजून यायचं होतं.