महाराजांचं अंथरूण

ह्यू पेनरिसने खंजीर पेंढ्याच्या गादीत मुठीपर्यंत खुपसला आणि बाहेर काढला. पात्याला दोन काड्या तेवढ्या चिकटून आल्या. आत मारेकरी नव्हता, कधीच नसायचा. पण महाराजांचं अंथरूण रोज असं भोसकून मगच घालायचं, हा रिवाज होता, आणि या राजवाड्यात रिवाजापुढे देवाचंही चालत नसे.

"झालं का?" क्रिस्पिन व्हॉड्रेने विचारलं. तो जोडे काढून स्टुलावर गुडघे चोळत बसला होता.

"झालं."

दोघांनी धाकट्या चाकराला, नेडला, हाताशी घेऊन पिसांची गादी वर पसरली. क्रिस्पिनने तळहात टेकून उशाकडची बाजू सारखी केली. आता तिच्यावर लोळून कुठे सुई-काटा नाही ना ते बघायचं, हा त्याचा मान. महाराज त्यावरून त्याची थट्टा करत. "काय क्रिस्पिन, झोप काढलीस ना माझ्याआधी?" ह्यूला मात्र ते "अरे, तू" म्हणत. खंजीरवाल्याचं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही, आणि ह्यू इतकी वर्षं त्यावर जळत आला होता.

"थांब," दारातून सर लँबर्ट म्हणाले. शयनगृहाची देखरेख त्यांच्याकडे होती. आज त्यांच्या मागे दोन पहारेकरी उभे होते. "क्रिस्पिन, रविवारी इथेच तू म्हणालास, महाराजांचा पाय सडलाय, ते पुढचा नाताळ बघत नाहीत. म्हणालास?"

राजाच्या मरणाचं भाकीत म्हणजे राजद्रोह. त्याला एकच शिक्षा.

क्रिस्पिनने ह्यूकडे पाहिलं. रविवारी नेड तापाने पडून होता, खोलीत हे दोघंच होते. क्रिस्पिनच्या त्या बोलण्यावर आपण काय बोललो होतो, ते ह्यूला लख्ख आठवलं. 'नाताळ कसला, सुगीसुद्धा नाही.' सर लँबर्टच्या कानाला लागताना त्याने नेमकं तेवढं गाळलं होतं. क्रिस्पिनने ते आता सांगितलं की संपलं, त्याच्याबरोबर ह्यूचीही मान जाणार.

"म्हणालो, सरकार."

"आणि ह्यू काय म्हणाला?"

ह्यूने खंजिराच्या पात्याला चिकटलेल्या काड्या खुडायला घेतल्या.

"तो म्हणाला, गप बस, मरशील." क्रिस्पिनने सुस्कारा सोडला. "ऐकायला हवं होतं."

सर लँबर्टनी मान हलवली. क्रिस्पिन जोड्यांसाठी वाकला, पण हात पोचेनात. ह्यू खाली बसला आणि त्याने जोडा पुढे धरला.

"का रे?" त्याने कुजबुजत विचारलं.

"दमलो बाबा. आणि दोघंही गेलो तर माझ्या बायकोला, मार्जरीला, सरपण कोण फोडून देणार? तिचा भाऊ? तो आळशी मेला स्वतःची शेकोटी पेटवत नाही." क्रिस्पिनने टाच आत सारली. "तिला तूच सांग. तुझ्याकडून कळलेलं बरं."

कमरेवर हात ठेवून, कण्हत तो उठला आणि पहारेकऱ्यांबरोबर निघून गेला.

"चल ह्यू," सर लँबर्ट म्हणाले. "आजपासून हे तुझ्याकडे."

ह्यू गादीवर चढून या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळला. गादी मऊ होती. त्याला स्वतःची किळस आली.

चादर घालण्याआधी एक काम उरतं. ज्याचा हात गादीला जिथे लागला, तिथे त्याने ओठ टेकायचे. हाताला विष असलंच तर आधी त्यालाच भोवावं. नेडने पायाकडे ओठ टेकले, ह्यूने मधे.

"उशाकडचं राहिलं," नेड म्हणाला. "क्रिस्पिनचा हात लागला होता तिथलं."

सर लँबर्टनी जांभई दाबली. "करा कुणीतरी. उशीर होतोय."

नेड मागे सरला. ह्यू वाकला. लोळल्यामुळे तिथे तळहाताची खूण उरली नव्हती, पण जागा त्याला पक्की ठाऊक होती. त्याने ओठ टेकले, आणि मग त्याला मान वर करवेना.

"ऊठ," नेड हळूच म्हणाला. "सर लँबर्ट बघतायत."