डॉक्टरांच्या दारातला पहारा

हेमचंद्रांनी खिडकीचा पडदा बोटभर सरकवला आणि पटकन सोडून दिला. समोरच्या फुटपाथवर काळे सूट, काळे बो-टाय घातलेले दोन उंच कृष्णवर्णीय पुरुष उभे होते. मार्चचा बर्फ त्यांच्या खांद्यांवर साठत होता आणि ते तो झटकतही नव्हते.

"नईमाच्या टेंपलची माणसं," ते म्हणाले.

"मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं," त्यांच्या पत्नी पद्मजाबाई म्हणाल्या. "ह्या भानगडीत पडू नका."

खरं तर ते पडलेच नव्हते, हीच भानगड होती. नईमा त्यांच्या दवाखान्यातली जुनी नर्स. काळ्या माणसाने आपला देव, आपली शाळा, आपलं दुकान आपणच उभं करावं, असं सांगणाऱ्या मुसलमान पंथात, म्हणजे ह्या टेंपलमध्ये, ती तरुणपणीच गेली. गुलामगिरीत मालकाने दिलेलं आडनाव टाकलं, डुक्कर सोडलं, दिवसातून एकदाच जेवू लागली. "आमच्या मावशीपेक्षा तुझं सोवळं कडक!" असं हेमचंद्र चिडवायचे आणि तीही हसायची.

जानेवारीत दवाखान्याच्या खिडकीखाली दोन पोलिसांनी तिच्या मुलाला, जमीलला, गोळी घातली. तो अंगावर धावून आला, असं ते म्हणाले. जमीलचे दोन्ही हात गाडीच्या टपावर होते, हे पाहणारा एकटा माणूस वर चहाचा कप घेऊन उभा होता.

नईमाला हेमचंद्रांनी हे त्याच दिवशी सांगितलं. टेंपलने मोर्चे काढले, वकील दिला. आणि परवा त्या वकिलासमोर हेमचंद्रांनी कानांवर हात ठेवले. मी नीट पाहिलं नाही, म्हणाले. पुतण्या यतीनचं ग्रीन कार्ड अडकलेलं, जिकडेतिकडे सावळ्या माणसांच्या चौकशा चाललेल्या. कारणांना काय तोटा?

चोराच्या मनात चांदणं. हे दोघे जाब विचारायलाच आलेत, अशी त्यांची खात्री होती. पण दुपार टळली तरी बेल वाजली नाही. शेवटी ते स्लिपरवरच बाहेर गेले.

"काय हवंय तुम्हाला?"

"काही नाही, सर," दोघांतला थोरला अदबीने म्हणाला. "थंडी आहे, तुम्ही आत बसा."

"मग इथे का उभे आहात?"

"सिस्टर नईमा म्हणाल्या, डॉक्टर खोटं बोलणारा माणूस नाही. नक्की कोणीतरी धमकावलंय त्यांना. तुमची भीती जाईपर्यंत आम्ही पहाऱ्यावर आहोत. आम्ही गेलो की दुसरे येतील."

"कोण आलं होतं, डॉक्टर?" धाकट्याने विचारलं. "युनिफॉर्ममध्ये होते का?"

हेमचंद्रांनी घराच्या दाराकडे पाहिलं.

"चहा आणू तुमच्यासाठी?"

"पहाऱ्यावर आम्ही काही घेत नाही, सर."

पाय गारठून बधिर झाले होते, तरी ते हलले नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

"कोणी आलं नव्हतं," ते म्हणाले. "कोणीच नाही. साधा फोनसुद्धा नाही."

थोरला त्यांच्याकडे बघत राहिला. तो रागावला असता तर फार बरं झालं असतं.

"हे मी तिला सांगणार नाही," तो म्हणाला. मग त्याने वळून फुटपाथलगत उभी असलेली त्यांची गाडी सुरू केली आणि मागचं दार उघडून धरलं. "तुम्ही सांगा. आधी तिला, मग वकिलाला. आम्ही सोबत येतो."

हेमचंद्रांनी मान डोलावली. "बूट घालून येतो."

आत येऊन ते स्टुलावर बसले. एक बूट चढवला, नाडी बांधली. पद्मजाबाई दाराशी आल्या. त्यांनी दाराचं लॅच लावलं, वरची साखळीही अडकवली. दुसरा बूट हातात घेऊन ते तसेच बसून राहिले. साखळी काढ, असं त्यांनी म्हटलं नाही.

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज काही येईना.