नकोचे पेढे

तळवड्याच्या कारखान्यात धम्मरत्न ओव्हाळच्या डब्यात रोज कारल्याची भाजी असायची. शेजारच्या मशीनवरचा प्रीतम एकदा न राहवून म्हणाला, "राव, वहिनी रागावल्यात का तुमच्यावर? दोन वर्षं बघतोय, कारल्याशिवाय दुसरी भाजी नाही." धम्मरत्न नुसता हसला आणि खाली मान घालून जेवत राहिला.

कारल्याचं कारण मोशीला, त्याच्या घरी होतं. त्याची मुलगी आम्रपाली आठ वर्षांची. तिला ऑटिझम आहे हे ती तीन वर्षांची असताना कळलं. तिला रंग कळायचे, लिफ्टमधले आकडे कळायचे, वॉशिंग मशीन बंद व्हायला किती वेळ उरलाय तेही कळायचं. पण ती एकही शब्द बोलत नसे, आणि एखादी गोष्ट नकोशी झाली की स्वतःचं मनगट चावायची. शाळेत, रिक्षात, पाहुण्यांत, कुठेही. उजव्या मनगटावर दातांचा काळसर वण कायमचा उमटला होता.

तिला शिकवणाऱ्या स्नेहल मॅडमनी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं, "तिला राग आवरत नाही असं समजू नका. तिला नाही म्हणता येत नाही. चावणं हाच तिचा नकार आहे. आपण तिला दुसरा रस्ता देऊ."

त्यांनी एक कार्ड दिलं. त्यावर आडवा धरलेला हात होता आणि खाली लिहिलं होतं, नको. आम्रपालीला कारल्याचा वाससुद्धा सहन होत नसे. म्हणून त्याची बायको रश्मी रोज सकाळी डब्याच्या भाजीतली एक फोड तिच्यासमोर ठेवायची आणि शेजारी ते कार्ड. आम्रपालीने कार्डाला बोट लावलं की धम्मरत्न स्वच्छ आवाजात "नको" म्हणायचा आणि फोड तत्क्षणी उचलायचा. एका सेकंदाचाही उशीर करायचा नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. उरलेली भाजी डब्यात जायची. कार्डाला बोट लावणं तिला चार महिन्यांत जमलं. शब्द मात्र फुटला नाही.

जानेवारीत धम्मरत्नच्या धाकट्या भावाच्या, समाधानच्या मुलाचा पहिला वाढदिवस होता. समाधान मारुंजीला राहायचा. रविवारी दुपारी जेवण होतं. जावं की नाही यावर रश्मीने बराच विचार केला, शेवटी म्हणाली, "जाऊया. फुगे फुटायला लागले की मी तिला बाहेर नेईन."

घरात तीसेक माणसं होती. आम्रपाली कानांवर हेडफोन लावून खिडकीशी बसली होती. तेवढ्यात तिची आजी केसरबाई शिऱ्याची वाटी घेऊन आली. केसरबाईंचा नातीवर फार जीव, आणि त्यांचा जीव घासातूनच कळायचा. त्यांनी बोटांनी शिरा उचलला आणि नातीच्या तोंडापाशी नेला.

"घे गं माझी बाय. आजीच्या हातचा एक घास."

आम्रपालीने तोंड फिरवलं. घासही मागोमाग फिरला. तिचं उजवं मनगट वर आलं, दातांपर्यंत गेलं. पलीकडून धम्मरत्नने ते पाहिलं आणि तो धावलाच. पण तो पोहोचायच्या आत मनगट खाली आलं.

"नको," आम्रपाली म्हणाली.

आवाज जाडसर, थोडा घोगरा. सकाळी धम्मरत्न ज्या सुरात म्हणायचा अगदी तोच सूर.

केसरबाईंचे डोळे मोठे झाले. "आगं बया! बोलली का ही? रश्मे, पोरगी बोलली गं! म्हण, अजून एकदा म्हण. घे, घास घे आन् म्हण."

"नको. नको!"

धम्मरत्नने आईचा हात धरला. "आई, ती नको म्हणाली."

"आरं व्हय, आयकलं की मी. पण एवढा एक घास..."

"आई, दोन वर्षं आम्ही तिला हेच शिकवतोय. आज ती म्हणाली आणि आपण ऐकलं नाही, तर ती पुन्हा कशाला म्हणेल?"

चारचौघांत लेकाने हात धरला होता, केसरबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी घास वाटीत परत ठेवला, वाटी पाठीमागे लपवली आणि नातीसमोर वाकून म्हणाल्या, "बरं बाय. न्हाई देत."

आम्रपालीने वाटी गेली त्या दिशेला एकदा बघितलं आणि पुन्हा खिडकीबाहेर नजर लावली. स्वयंपाकघराच्या दारात रश्मी हातात झारा घेऊन उभी होती आणि ओक्साबोक्शी रडत होती. आत तेलात एक पुरी काळी पडत होती.

सोफ्यावरच्या एका पाहुण्या बाई म्हणाल्या, "एवढं काय त्यात? सगळीच पोरं नको म्हणतात. आमचा तर दिवसभर तेच म्हणतो."

केसरबाई गर्रकन वळल्या. "तुमच्या पोराला कुणी शिकवावं लागलं न्हाई, म्हणून तुमाला त्याचं काय न्हाई वाटत. माझी नात कमवून बोललीय."

समाधानने उठून सगळे फुगे बेडरूममध्ये नेऊन ठेवले.

सोमवारी धम्मरत्न दोन किलो पेढे घेऊन कामावर गेला. प्रीतमने खोका बघितला. "काय राव, दुसरं बाळ झालं की काय?"

"नाही. आमची आमू नको म्हणाली."

प्रीतमचा पेढ्याकडे गेलेला हात थांबला. मग जेवणाच्या सुट्टीत धम्मरत्नने त्याला सगळं सांगितलं, कार्ड, मनगट, सकाळची फोड. इतक्या दिवसांत कारखान्यात तो पहिल्यांदाच मुलीबद्दल बोलत होता. प्रीतमने ऐकून घेतलं, तोंड पुसलं आणि खोका उचलला. "भावा, असं कोपऱ्यात बसून वाटतात का पेढे?" तो प्रत्येक मशीनपाशी थांबून सांगत गेला, "ओव्हाळच्या पोरीने काल नको म्हटलं. पहिला शब्द. घ्या, तोंड गोड करा." काहींना काहीच उमगलं नाही, त्यांनीही पेढा घेतला. सुपरवायझरने दोन घेतले.

त्या आठवड्यात घरात नकोचा पूर आला. केसांना तेल नको. निळा फ्रॉक नको. पप्पांचं गाणं तर पहिल्याच ओळीला नको. धम्मरत्न गप्प बसायचा आणि खुशीत असायचा. रश्मी म्हणाली, "अहो, हे किती दिवस ऐकायचं?" आणि स्वतःच हसायला लागली.

पुढच्या रविवारी आंघोळीची वेळ आली. बाथरूमच्या दारात आम्रपालीने दोन्ही हातांनी चौकट धरली. "नको."

काही नको ऐकता येत नाहीत. त्यावरही स्नेहल मॅडमनी उपाय सांगून ठेवला होता. धम्मरत्नने दोन बादल्या भरल्या, एक वाफाळती, एक थंड, आणि तिच्यापुढे ठेवल्या.

"आंघोळ करायचीच आहे, आमू. पण कोणतं पाणी ते तू ठरव. गरम की गार?"

ती दोन्ही बादल्यांकडे बघत राहिली. धम्मरत्न उकिडवा बसून राहिला. पाय भरून आले तरी हलला नाही. मॅडम म्हणायच्या, तिला वेळ द्या, मध्ये बोलू नका.

"गार."

"रश्मी!" तो इतक्या जोरात ओरडला की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून वर पाहिलं. "रश्मी, लवकर ये! हिने गार म्हटलं!"

रश्मी पिठाच्या हातांनी धावत आली. तोवर आम्रपालीने गार पाण्याच्या बादलीत प्लास्टिकचा मग बुडवला होता, आणि जानेवारीतलं गार पाणी पहिल्यांदा बापाच्या डोक्यावर ओतलं होतं.