चवकाकांचा अंगठा

बिस्किटांच्या कारखान्यात सगळे त्यांना चवकाका म्हणत. भट्टीतून आलेलं पहिलं बिस्कीट रोज काकांनी चावायचं आणि काचेपलीकडच्या कणीकवाल्याला खूण करायची. पंजा दाखवला की ठीक, अंगठा वर केला की साखर वाढव. तोंडात घास असताना बोलायचं नाही, हा काकांचाच नियम होता आणि तो साहेबांनाही लागू होता.

बायको गेल्यापासून काकांची झोप उडाली होती. रात्रभर छताकडे बघायचं आणि सकाळी पाय ओढत कामावर यायचं, याचा त्यांना वीट आला होता. झोपेच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या लागू पडल्या नाहीत, तेव्हा डॉक्टरांनी तिसरी दिली आणि तिनं झोप लागली. पण तोंडाला कोरड पडली. घास गालातच घोळत राहायचा, जीभ टाळूला चिकटायची, बिस्कीटही मेलं बेचव लागायचं. काकांना वाटलं, हल्लीचा मैदाच दळभद्री. अंगठा वर जात राहिला.

मग दुकानांतून तक्रारी आल्या, की बिस्किटं नुसती गोडमिट्ट झालीत. साहेबांनी कणीकवाल्याला धारेवर धरलं. तो बिचारा काकुळतीला येऊन सांगत होता, "काकांनीच अंगठा दाखवला हो!" पण काकांची जीभ चुकेल, हे कुणाला पटेना. उद्यापासून येऊ नकोस, असं त्याला सांगितलं गेलं. वर काकांचं नाव पुढे करतो म्हणून चार शब्द ऐकावे लागले ते वेगळेच.

ते कानावर आलं तशी काकांना गोळीची शंका आली; तोंडाची कोरड तिच्यापासूनच होती. ते तडक डॉक्टरांकडे गेले.

"अहो काका, चव लागायला आधी घास भिजावा लागतो," डॉक्टर म्हणाले. "कानाजवळ, जबड्याखाली, जिभेखाली ग्रंथी असतात, त्या लाळ सोडतात. मैद्याची साखर व्हायला तिथंच सुरुवात होते. पोटाचं काम तोंडातच सुरू होतं म्हणा ना. तुमच्या ग्रंथी या गोळीनं सुस्तावल्यात."

"मग दुसरी एखादी?"

"दोन देऊन बघितल्या की. झोपलात का?"

सकाळी काका साहेबांच्या खोलीत गेले. खुर्ची समोर होती तरी बसले नाहीत.

"साहेब, पोराचा दोष नाही. अंगठा मीच दाखवत होतो. माझ्या तोंडात लाळच उरली नाही."

साहेबांना आधी थट्टा वाटली. काकांनी सगळं सांगितल्यावर ते हसायचे थांबले.

"एवढंच ना? गोळी सोडून द्या. आम्हाला तुमची जीभ हवी, काका. जागा तुमचीच."

काकांना मोह झाला. या कामाशिवाय त्यांना आता विचारणारं कोण होतं? घरी तर चहा कडू झाला की गोड, हेही सांगायला माणूस नव्हतं. 

"नको, साहेब," ते शेवटी म्हणाले. "त्याला परत बोलवा, चवही त्यालाच बघू द्या. गोळी घेतली नाही की बायको घरात नाही, हे मला रात्रभर कळत राहतं."

साहेबांनी कणीकवाल्याला फोन लावला.