कुणाच्या हाती

नव्व्याण्णव सालच्या चैत्रात कळंबच्या शाळेच्या गच्चीवर कुरडयाच कुरडया वाळत होत्या, आणि घ्यायला मात्र कुणी नव्हतं.

शाळेतल्या शिक्षिका विजयमालाबाईंच्या जिवाला हाच घोर लागला होता. शाळेत मुलींसाठी न्हाणीघर नव्हतं. मोठ्या झालेल्या पोरी महिन्यातले चार दिवस घरी बसत आणि मग हळूहळू शाळाच सोडत. कुरडया विकून जूनच्या आत न्हाणीघर बांधायचं, म्हणून गावातल्या बायांनी बाईंच्या एका शब्दावर घरचे गहू भिजत घातले होते. गिऱ्हाईक म्हणजे शाळेचे जुने विद्यार्थी. पुण्या-मुंबईला, कुणी पार बंगळूरला नोकरी करणारे. बारामतीला कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या मेघनानं, बाईंच्याच विद्यार्थिनीनं, इंटरनेटवर मागणीचा फॉर्म करून दिला होता. त्यात काय काय विचारायचं, ते बाईंनी सांगितलं होतं.

त्या गुरुवारी बाई उपाशीपोटीच एसटीत बसल्या. त्यांचा दत्ताचा उपास होता. सोबत मालनबाई होत्या, त्यांना बारामतीत चष्मा करायचा होता. कुरडया घालणाऱ्या बायांत त्यांचा हात सगळ्यांत चांगला. त्यांचा बुद्धघोष बंगळूरला इंजिनियर होता.

मेघनानं पान उघडलं. ते किती जणांनी पाहिलं, याचा आकडा खाली दिसायचा. आकडा चांगला फुगला होता, पण मागणी एकही नव्हती.

"लोक येतात बाई, बघतात आणि जातात," मेघना म्हणाली.

आपलं पुण्य कमी पडलं, असंच बाईंच्या मनात आलं. तेवढ्यात मालनबाई म्हणाल्या, वाच की गं पोरी, काय काय इचारतंय ते. मेघनानं वाचलं. संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, घर क्रमांक, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड, किती किलो.

"ह्यो तर शाळंत नाव घालायचा कागद झाला," मालनबाई हसल्या. "आन् पिनकोड कशाला? पोस्टानं धाडणार व्हय? कुरडई न्हाय पोचायची बाई, चुरा पोचंल."

"मग बुद्धघोषला कसं धाडता?" बाईंनी विचारलं.

"कोण तिकडं निघालं की त्याच्या हाती."

बाईंना एकदम हसू आलं. दर उन्हाळ्यात त्या स्वतः बहिणीला कुरडया पाठवत, त्याही कुणाच्या तरी हातीच. पिनकोड वाचून प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे चुराच आला असणार.

त्यांनी मेघनाला सगळं पुसायला लावलं. तीनच प्रश्न ठेवले. तुम्ही कोण? घरात खाणारी माणसं किती? कुणाच्या हाती पाठवू? किलोचा हिशेब बाया करतील.

मेघनाला शंका आली, तिसरी जागा कुणी रिकामीच सोडली तर?

"तर आपण माणूस शोधू," बाई म्हणाल्या. " पुण्याला रोज कुणी ना कुणी निघतंच."

पुढच्या गुरुवारी दोघी पुन्हा गेल्या, चष्मा आणायचं निमित्त होतंच. मेघना एकेक मागणी वाचू लागली. भवानीनगरच्या कारखान्यातले दीपकराव शनिवारी हडपसरला येतात, त्यांच्या हाती. लोणी देवकरला कंपनीत माझा मेहुणा आहे, त्याच्या हाती. कुणी तर एसटीच्या ड्रायव्हरचंच नाव घातलं होतं. बाई प्रत्येक नावाला मनातल्या मनात हात जोडत होत्या. न पाहिलेली ही माणसं त्यांच्या पोरींचं न्हाणीघर मांडीवर घेऊन निघाली होती.

शेवटची मागणी वाचताना मेघनाचा आवाज हळू झाला. "बुद्धघोष. ऑफिसातली सगळी माणसं खाणारी. कुणाच्या हाती, तर आईच्या हाती. तिला न्यायला मी येतोय."

मालनबाईंनी नवा चष्मा काढून पदरानं पुसला.

"मला एसटी लागती, ठावं हाय त्याला," त्या म्हणाल्या. मग पुटपुटल्या, "खिडकीजवळची जागा धरंल म्हणा."

संध्याकाळी उपास सोडताना विजयमालाबाईंनी एक कुरडई तळून दत्तापुढं ठेवली. आज मागण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि मग वाहून नेणाऱ्यांची नावं आठवतील तशी घेत गेल्या.