राहुड घाटाआधीचा मंगळवार

मी एक जुनी रोड सायकल आहे, ॲल्युमिनियमची. रंग निळा होता, पण ज्या बाजूला ऊन लागतं तिकडे आता राखाडी पडला आहे. नाशिकरोडला, जेल रोडवरच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी भिंतीला टेकून उभी असते. माझ्या दोन्ही चाकांतली हवा गेलेली आहे. मित्रांनो, माझं स्वतःचं आयुष्य काही फार मोठं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर एक गोष्ट घडली, ती मी थांबवू शकले नाही, आणि ती तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. कोणी नळ्या कापल्या, कोणी जोडल्या, कोणी सांधे घासले. माझ्यासारख्या शेकडो सायकली त्या दिवशी तयार झाल्या. रोड सायकल चालवायला नव्याने शिकणाऱ्यांसाठी असते तशी मी, सगळ्यांत खालच्या पायरीची. वजनाने जड, गिअर मोजके, अंगाने राकट. पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून मी नाशिकला आले आणि द्वारका चौकाजवळच्या भिमाजींच्या सायकलच्या दुकानात उभी राहिले.

तिथून मला अंजलीताईंनी आणलं. ताई एका हायस्कूलमध्ये गणित शिकवायच्या. तेव्हा त्या तिशीत होत्या. लहानपणी नांदगावला भावाची सायकल त्यांना कधी मिळाली नाही, ही गोष्ट त्यांनी भिमाजींना पहिल्याच दिवशी हसत सांगितली. रोज सकाळी त्या मला घेऊन शाळेत जायच्या. रविवारी आम्ही त्र्यंबकला जायचो, कधी घोटीपर्यंत. भाताच्या खाचरांच्या कडेने जाताना त्या स्वतःशीच पाढे म्हणायच्या, सतरा, एकोणीस, तेवीसचे. चढ आला की पाढ्याचा वेग कमी व्हायचा, पण पाढा तुटायचा नाही.

दोन वर्षांनी त्यांनी दोनशे किलोमीटरची राइड ठरलेल्या वेळेत पूर्ण केली. ते पदक त्यांनी माझ्या हँडलला अडकवलं आणि त्यांचे पती अश्विनदादांनी आमचा फोटो काढला. दादा सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला होते. यंत्राचे तयार भाग नीट आहेत की त्यांना कुठे चीर गेली आहे, हे तपासण्याचं त्यांचं काम. फोटो काढून झाल्यावर ते म्हणाले, "सायकलपण छान आलीय हं फोटोत." माझं एवढं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं आणि त्यानंतरही केलं नाही.

पुढची राइड तीनशेची होती. नाशिकहून धुळे आणि परत, वीस तासांत. आम्ही अठरा मिनिटं उशिरा पोहोचलो. परतताना राहुड घाटाच्या चढाला समोरून वारा होता आणि रस्त्याची प्रत्येक थरथर मी जशीच्या तशी ताईंच्या हातांत पोहोचवत होते. त्यांची बोटं बधिर झाली होती. गिअर बदलायला त्यांना दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागत होती. घरी आल्यावर त्या मला काही बोलल्या नाहीत. पण मला कळलं होतं की यापुढे मी त्यांना पुरणार नाही.

ताईंनी एक वही केली. वर्षभर त्या कार्बनच्या, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे थर चिकटवून केलेल्या हलक्या सायकलींबद्दल वाचत होत्या, लोकांना विचारत होत्या, वहीत तक्ते आखत होत्या. त्यांना दुकानातली एक लाल सायकल फार आवडली होती, शर्यतीची, हँडल खोल वाकलेलं. एका रविवारी त्या मला घेऊन भिमाजींकडे गेल्या. दादाही गाडीने आले.

भिमाजींनी लाल सायकलवर ताईंना बसवलं आणि बाजूला उभे राहून बघितलं.

"मान बघा कशी ताणली," ते म्हणाले. "ही दोन तासाच्या शर्यतीची हाय, मॅडम. तुम्हाला वीस तास बसायचंय. हलकी हाय म्हणून घेऊ नका, अंगाला बसते का ते बघा."

मग त्यांनी दुसरी दाखवली. पांढरी, हँडल थोडं उंच, टायर रुंद. ताई ती घेऊन गंगापूर रोडला चक्कर मारून आल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी दोन्ही हातांची बोटं उघडून मिटून पाहिली.

"काहीच थरथरत नाही," त्या म्हणाल्या.

"मग हीच तुमची," भिमाजी म्हणाले. "एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दादा, तुम्हीपण ऐका. ही जुनी आपटली तर पोचा दिसतो. कार्बनचं तसं नाय. पडली, कशात दाबली गेली, तर आतून जातं आन् वरून काय दिसत नाय. असं काय झालं तर चालवायची नाय, पहिलं माझ्याकडं आणायची."

"एवढी नाजूक असते का?" दादांनी विचारलं.

"नाजूक नाय, लय मजबूत हाय. पण मार लागला तर सांगत नाय ती."

पांढरी सायकल पार्किंगमध्ये माझ्या शेजारी, दोन नंबरच्या खांबाला टेकून उभी राहू लागली. मला तिचा राग आला नाही, खरंच. ताईंची बोटं आता दुखत नव्हती. शाळेलाही त्या तिच्यावरूनच जायच्या, म्हणजे अंगवळणी पडेल म्हणून. माझ्यावर धूळ बसू लागली. तीनशेची राइड पुन्हा जाहीर झाली होती. तोच धुळ्याचा रस्ता, येणारा रविवार.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी संध्याकाळी दादा कामावरून आले. फोन कानाला होता, कारखान्यातलंच काही बोलणं चाललं होतं. गाडी मागे घेताना त्यांना पांढरी सायकल दिसली नाही. ती गाडीचा बंपर आणि खांब यांच्या मध्ये सापडली. फार मोठा आवाज झाला नाही. सुकलेली काडी मोडावी तेवढाच.

दादांनी लगेच गाडी पुढे घेतली आणि उतरले. सायकल उचलून त्यांनी चाकं फिरवली, ती सरळ फिरली. खालच्या जाड नळीवरून त्यांनी अंगठा फिरवला, मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं. जे काम ते दिवसभर करायचे तेच ते करत होते. पांढऱ्या रंगावर बंपरचा एक बारीकसा काळपट डाग होता. रुमाल ओला करून त्यांनी तो पुसला आणि डाग गेला. मग सायकल होती तशी त्यांनी खांबाला टेकवली. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. शेवटी हळू आवाजात, जणू स्वतःलाच, म्हणाले, "रविवार होऊ दे. मग सांगू."

मला त्यांचं मन कळत होतं. ताईंनी वर्षभर वाट पाहिली होती. आता सांगितलं तर भिमाजी सायकल ठेवून घेणार, राइड जाणार, आणि ताईंचा चेहरा त्यांना बघावा लागणार. वरून तर काहीच दिसत नव्हतं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार ताई शाळेला गेल्या. शनिवारी सकाळी त्या एक चक्कर मारून आल्या, तेव्हा दादा पार्किंगमध्ये गाडी पुसत होते.

"अश्विन, जोर लावला की खालून कट् कट् वाजतंय रे," ताई म्हणाल्या. "भिमाजींकडे टाकून येऊ का?"

दादांच्या हातातलं फडकं थांबलं. मित्रांनो, मी त्या वेळी जेवढी आशा केली तेवढी आयुष्यात कधी केली नव्हती. माझी घंटा माझी मलाच वाजवता आली असती तर मी ती गंज लागलेली घंटा वाजवत राहिले असते.

"नवी आहे," दादा म्हणाले. "बसायला वेळ लागतो."

"तसंच असेल," ताई म्हणाल्या. दादांच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. चीर शोधणाऱ्या माणसाच्या शब्दावर त्या विश्वास ठेवणार नाहीत तर कोणाच्या?

रविवारी पहाटे त्या गेल्या. पुढचं मी पाहिलं नाही, भिमाजींनी सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. ते त्या दिवशी मालेगावला, येणाऱ्या सायकलस्वारांच्या वेळा नोंदवायच्या टेबलावर बसले होते. राहुड घाट उतरताना रस्त्यात एक साधा खड्डा आला. अशा खड्ड्यातून माझ्यासारखी सायकल शिव्या खात निघून गेली असती. पांढरीची खालची नळी मधोमध तुटली आणि ताई उजव्या खांद्यावर पडल्या.

जीव वाचला. पण मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा मुळातून उपटल्या गेल्या होत्या. दोन ऑपरेशनं झाली. उजव्या हातात बळ परत येणार नाही, असं डॉक्टरांनी अखेर सांगितलं. त्याच हाताने ताई फळ्यावर लिहायच्या. शाळेत त्यांच्या वर्गाला दुसऱ्या बाई दिल्या.

अपघातानंतर महिनाभराने भिमाजी तुटलेली सायकल घेऊन आले. ताई त्या वेळी खाली खुर्चीवर बसल्या होत्या, हात पट्ट्यात. दादा शेजारी उभे होते. भिमाजींनी नळीचं तुटलेलं तोंड वळवून दाखवलं.

"मॅडम, ही खड्ड्यानं गेलेली नाय. हे बघा, आतले थर आधीच सुटलेत. कशात तरी दाबली गेली हाय. कुठं पडली होती का?"

"नाही हो," ताई म्हणाल्या. "एकदाही नाही. जपत होते मी."

भिमाजींनी दादांकडे पाहिलं. दादा तुटलेल्या नळीकडे पाहत होते. भिमाजी मग निघाले. जाताना त्यांनी चहा नको म्हटलं.

त्या दिवसापासून ताईंनी दोष स्वतःवर घेतला. त्या ती वही काढून बसायच्या आणि डाव्या हाताने पानं उलटायच्या. कुठे चुकलं ते शोधायच्या. लाल घेतली असती तर? दुसऱ्या कंपनीची? किंवा काही घेतलंच नसतं, जुनीवरच भागवलं असतं तर? गणितात चूक सापडेपर्यंत त्या कधी उठायच्या नाहीत, तशाच त्या बसून राहायच्या. दादा त्यांना भरवायचे, वेणी घालायचे, व्यायामाला न्यायचे. एका शब्दानेही त्यांनी कधी कंटाळा दाखवला नाही. पण ती एक गोष्ट त्यांच्या तोंडून निघत नव्हती.

एका सकाळी खाली पार्किंगजवळ उन्हाला बसल्या असताना ताई म्हणाल्या, "आपल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर मला लिहायचंय. बरेच जण मला विचारत होते कार्बन कुठली घेऊ म्हणून. तू टाइप कर."

दादांनी मोबाइल घेतला.

"लिही. साधी सायकल सोडून कार्बनची घ्यायचा विचार करत असाल तर आधी माझ्याकडे बघा. मी वर्षभर अभ्यास केला, तरी माझी निवड चुकली. सायकल मी कधी पडू दिली नाही, तरी ती तुटली. कार्बनवर विश्वास ठेवू नका. यात दुकानदाराचा दोष नाही. चूक माझी आहे. लिहिलंस?"

"नाही."

"कुठपर्यंत झालं?"

"'निवड चुकली' पर्यंत."

"मग पुढचं लिही ना."

दादांनी मोबाइल मांडीवर ठेवला. "तुझी निवड चुकली नव्हती, अंजू. त्या मंगळवारी मी गाडी मागे घेतली तेव्हा ती या खांबावर दाबली गेली. मी बघितली, काही दिसलं नाही. म्हणून बोललो नाही."

जिन्यावरून वरच्या मजल्यावरच्या आजी उतरल्या. "आता बरं आहे ना, बाई?" त्यांनी विचारलं. ताईंनी मान हलवली. आजी फाटकाबाहेर गेल्या.

"शनिवारी मी तुला विचारलं होतं," ताई म्हणाल्या.

"हो."

"वाजतंय म्हणाले होते."

"हो."

"मोबाइल दे इकडे."

दादांनी तो त्यांच्या डाव्या हातात दिला. लिहिलेलं सगळं एकदम पुसता येतं, पण ताईंनी तसं केलं नाही. मोबाइल मांडीवर टेकवून, न सरावलेल्या अंगठ्याने त्या एकेक अक्षर पुसत राहिल्या. शेवटचं अक्षर गेलं तेव्हा त्यांनी मोबाइल परत दिला आणि म्हणाल्या, "मला वर ने. उठताना आधार लागतो मला."

त्यांना दुसरं कोणी उठवणारं नव्हतं, म्हणून दादांनीच उठवलं.

चार दिवसांनी ताईंच्या आई, विमलाबाई, नांदगावहून जीप करून आल्या. ताईंच्या बॅगा दादांनीच खाली आणून ठेवल्या. "जयभीम, आई," ते म्हणाले. विमलाबाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांच्या घरात जयभीमला उत्तर न देण्याची पद्धत नाही. दादा हात जोडून तसेच उभे राहिले आणि ताईंना घेऊन जीप निघून गेली.

त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. ताई परत आलेल्या नाहीत. दादा वर एकटेच राहतात. कामावर जाताना ते पार्किंगमधून झपाझप निघून जातात. माझ्यात हवा भरायला कोणी येत नाही आणि येईल असं मला वाटत नाही.

मित्रांनो, मी माझ्यासाठी काही मागत नाही. मला तेल घाला, मला पुसा, असंही म्हणत नाही. मागणं एवढंच आहे. दुसऱ्याची वस्तू तुमच्या हातून पडली, आपटली, दाबली गेली, आणि वरून ती अगदी धड दिसत असली, तरी तिच्या माणसाला सांगा. ओरडा बसेल, तो बसू द्या. त्याचा बेत मोडेल, तो मोडू द्या. पण त्याने पायडलवर पाय ठेवण्याआधी सांगा.