चावीकाकांची पेनल्टी

चावीकाका त्या कार्यक्रमाला गेले ते मदत करायला नव्हे, नकार द्यायला. मुलींच्या फुटबॉल संघासाठी मैदानावर निधी जमवायचा होता आणि त्यासाठी अख्खी वस्ती लोटली होती. काकांचं काम मात्र एकट्या कोचबाईंशी होतं. "आमच्या धाकटीचं नाव काढून टाका, ती दुकानात बसणार आहे," एवढं एक वाक्य बोलायचं आणि घरी यायचं. निघताना ते वाक्य त्यांनी मनातल्या मनात म्हणून पाहिलं, तेव्हा चांगलं ठणठणीत वाटलं होतं.

धाकटी त्या संघाची गोलकीपर. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या क्लबने तिला बोलावलं होतं, राहायची-जेवायची सोय करून, आणि उत्तर आजच द्यायचं होतं. पोरगी सज्ञान होती, निघून गेली असती तर काका काय करणार होते? पण "बाबा हो म्हणाले तरच जाईन," असं तिने आईला सांगून टाकलं होतं. काकांना खरा त्रास होता तो याच गोष्टीचा. भांडली असती तर ओरडता तरी आलं असतं!

थोरली लग्न होऊन लांब गेली होती. कुलपांच्या दुकानात काकांच्या हाताशी आता हीच होती, आणि तिचा हातही चांगला होता. तिचा खेळ त्यांनी आजवर एकदाही पाहिला नव्हता. "पोरीला चिखलात लोळताना बघायची हौस नाही मला," असं म्हणायचे.

मैदानाच्या कडेला टेबलं मांडली होती. एका टेबलावर काकू चहा ओतत होत्या आणि आपण नवऱ्याला ओळखतच नाही असा चेहरा करून उभ्या होत्या. सकाळपासून दोघांत अबोला होता. कोचबाई कोणाकोणाचे आभार मानण्यात अडकल्या होत्या. त्यांनी लांबूनच हात केला, "आलेच हं काका, पाच मिनिटं!" मग काका सगळ्यात मोठ्या गर्दीकडे वळले.

तिथे पेनल्टीचा खेळ चालला होता. कूपन घ्यायचं आणि गोलवर एक किक मारायची. गोलमध्ये धाकटी उभी. दाताचे डॉक्टर आले, त्यांनी घरंगळत बॉल मारला. धाकटीने उजवीकडे झेप घेतली, बॉल डावीकडून आत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कोणाची तरी आजी आली, तिने पायाने नुसता ढकलला. धाकटी हात पसरून बघत राहिली, बॉल तिच्या पायांमधून आत. बेकरीवाल्याने तर किक मारताना स्वतःच बसकण मारली, तरी त्याचा गोल झाला.

काकांच्या कानाची पाळी लाल झाली. कुलपं बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता. कोणीही यावं आणि कुठल्याही चावीने उघडावं, असं कुलूप त्यांनी दुकानात ठेवलं नसतं. यासाठी मोठ्या क्लबचं बोलावणं? यासाठी दुकान सोडायचं? पण खरं सांगायचं तर त्यांना आतून बरंही वाटलं. आता नाही म्हणायला कारण सापडलं होतं. चारचौघांत आपणही एक गोल घालायचा, की विषयच संपला.

त्यांनी कूपन घेतलं आणि रांगेत उभे राहिले. शाळेत असताना ते फॉरवर्ड खेळत, पायात अजून थोडी धमक होती. नंबर आला तसं त्यांनी बॉल नीट ठेवला, धाकटीकडे न बघता मागे गेले आणि सणसणीत किक मारली, थेट कोपऱ्यात.

धाकटी हवेत आडवी झाली आणि बॉल तिच्या पंज्याला लागून बाहेर गेला.

लोक हसले. काकांना वाटलं, लागला असेल चुकून. दुसरं कूपन घेतलं. या वेळी डावीकडे दाखवून उजवीकडे मारला. तिने तो पोटाशी धरला. तिसऱ्या वेळी काकांनी कोट काढून शेजारच्याच्या हातात दिला, तेव्हा काकू चहाचं टेबल सोडून बघायला आल्या. तिसराही अडला. काकांना धाप लागली होती, कपाळावर घाम होता.

"काय हो चावीकाका," बेकरीवाला कमरेवर हात ठेवून म्हणाला, "घरी भांडण झालंय का?"

"का?"

"अहो, इथे कूपन घेणाऱ्याचा गोल सोडायचा, अशी या संघाची रीतच आहे. नाहीतर माझी लाथ काय गोल घालायच्या लायकीची आहे? सगळ्यांचा सोडला पोरीने. तुमचाच तेवढा अडवला."

मघाशी केलेला सगळा हिशेब एका क्षणात कोलमडला होता. ते गोलकडे चालत गेले. धाकटी गुडघ्याची माती झटकत होती, कोपर सोललं होतं.

"सगळ्यांचे सोडलेस," ते म्हणाले. आवाजात राग आणायचा होता, पण आला नाही. "मग बापाचाच का अडवलास?"

धाकटीने मान वर केली. "बाबा, ते सगळे मदत करायला आले होते. तुम्ही मला हरवायला आला होतात."

तिने बरोबर ओळखलं होतं. काका घरातून निघाले होते ते तेवढ्यासाठीच, आणि पोरीने त्यांच्याकडे पाहूनच ते जाणलं होतं. त्यांना लाज वाटली. लाजेच्याही वर अभिमान वाटला, इतका की छातीत दुखल्यासारखं झालं.

"कोपराला काहीतरी लाव," ते कसंबसं म्हणाले.

तेवढ्यात कोचबाई लगबगीने आल्या. "सॉरी हं काका, थांबवलं तुम्हाला. काहीतरी बोलायचं होतं ना?"

धाकटी ग्लोव्हजचा पट्टा सोडत तशीच थांबली. काकूंनी पदर हातात घट्ट धरला. काकांनी आपलं ते ठणठणीत वाक्य शोधलं, पण ते कुठे गेलं होतं कोण जाणे. दुकानात यापुढे एकट्यानेच बसावं लागणार, रात्री ताटंही दोनच मांडायची, हे मात्र त्यांना लख्ख दिसलं, आणि डोळे भरून आले.

"हो," ते म्हणाले. "हिला निघायचंय कधी, तेवढं विचारायचं होतं."